मिशन ट्रिप : आधी यजमानाला विचारा

संपादक महोदय,

ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परदेशी 'मिशन ट्रिप'वरून, म्हणजे थोड्या दिवसांसाठी तिकडच्या चर्चकडे सेवेला आणि धर्मप्रचाराला जाण्यावरून, आपल्या वाचकपत्रांत जो वाद रंगला आहे, त्यात दोनच बाजू दिसतात. एक म्हणते, ही सगळी धर्मांतराची मोहीम. दुसरी म्हणते, ही निखळ सेवा आणि तिला नावे ठेवणारे कोत्या मनाचे. ही मुले ज्यांच्या दारात जाऊन उतरतात त्या मंडळीबद्दल (म्हणजे स्थानिक चर्चबद्दल), तिथल्या पाळकाबद्दल (चर्चच्या धर्मगुरूबद्दल), पंधरा दिवस त्यांच्यासाठी चुलीपुढे राबणाऱ्या बायकांबद्दल मात्र एकाही पत्रात अक्षर नाही. अशा टीम तयार करून पाठवणे आणि दुसऱ्या टोकाला त्या उतरवून घेणे, हे आमचे नेहमीचे काम. आमचे म्हणणे एवढेच, की ट्रिप चांगली की वाईट हे जाणाऱ्यांच्या भक्तीवर फारसे ठरत नाही. निमंत्रण कुणी दिले, काम कुणी ठरवले आणि टीम निघून गेल्यावर निस्तरायला काय उरले, यावर ते ठरते.

प्रकार किरकोळ नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या पाहणीवरून काढलेल्या अंदाजानुसार एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख ख्रिस्ती लोक अल्पकालीन मिशनसाठी परदेशी जातात. दक्षिण कोरिया आणि ब्राझीलमधल्या मंडळ्याही टीम पाठवतात. या प्रकाराची मुळे विद्यार्थ्यांतच आहेत. १९५७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजचा मुलगा दोन मित्रांना घेऊन स्पॅनिश ख्रिस्ती साहित्यासह मेक्सिकोत गेला आणि त्यातून पुढे 'ऑपरेशन मोबिलायझेशन' ही मिशन संस्था उभी राहिली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी 'यूथ विथ अ मिशन' सुरू केले. त्याआधी मिशनरी व्हायचे तर सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या संस्थेत) वर्षे काढायची, भाषा शिकायची आणि मग बहुधा आयुष्यभरासाठी जायचे. ती वाट त्यांनी तरुणांसाठी आखूड केली. तरीसुद्धा 'यूथ विथ अ मिशन'च्या प्राथमिक प्रशिक्षणात सुमारे १२ आठवडे वर्गात बसावे लागते, बाहेर पडणे त्यानंतर. आता बहुतेक ठिकाणी उत्तरार्ध तेवढा राहिला आहे आणि पूर्वार्धाच्या जागी दोन शनिवार आले आहेत. त्यातलाही एक टी-शर्टचा रंग ठरवण्यात जातो.

आधी निमंत्रणाचे पाहू. 'तिथल्या मंडळीने बोलावले आहे' असे प्रत्येक टीम सांगते. घडते ते बहुधा उलट. इकडे सुट्टीच्या तारखा ठरतात, तिकिटांचे दर पाहिले जातात आणि मग तिकडच्या पाळकाला ई-मेल जातो, की आम्ही पंधरा जण येऊ म्हणतो, काही काम आहे का? ज्या मंडळीच्या छताला, पाळकाच्या पगाराला किंवा मुलांच्या फीला त्याच पाठवणाऱ्यांची देणगी लागते, ती नाही म्हणेल कशी? मग काम शोधून काढले जाते. म्हणून पहिले पत्र यजमानाचे असावे आणि ते निदान वर्षभर आधी यावे असा आमचा आग्रह असतो. काम कोणते, देखरेख कुणाची, किती माणसे झेपतील, पेरणीचे, परीक्षांचे, पुनरुत्थानाच्या सणाचे असे कोणते आठवडे नकोत, हे त्यात हवे. शिवाय टीम आलीच नाही तर ते काम होणार की नाही, हेही. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार काही सांगून जाते. त्याचबरोबर पाठवणाऱ्या मंडळीने यजमानाला लेखी कळवावे, की यंदा टीम नको म्हणालात तरी ठरलेली देणगी ठरल्या तारखेला येईल. एवढे कळवले की पुढच्या पत्रांचा सूर बदलतो. 'केव्हाही या' जाऊन 'जून नको, ऑक्टोबरात सहा जण चालतील' असे खरे बोलणे सुरू होते.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच संस्थांनी मिळून अल्पकालीन मिशनसाठी सात निकष ठरवले : देवकेंद्रित हेतू, यजमानाला बळ देणारी भागीदारी, दोघांनी मिळून केलेली आखणी, चोख व्यवस्था, लायक नेतृत्व, योग्य प्रशिक्षण आणि नीट पाठपुरावा. यादी चांगली आहे. मोडतात ते बहुधा तिसरा आणि सातवा, कारण त्या दोन्हींत यजमानाचे ऐकून घ्यावे लागते.

टीम आठ ते बारा जणांची पुरे. एक मिनीबस, एक स्वयंपाकघर, पाण्याची एक टाकी आणि दोन संडास यांच्यात तेवढेच बसतात. वीस जण गेले की यजमानाच्या घराचे लग्नघर होते आणि ज्या माणसांबरोबर काम करायचे तीच वाढपी होऊन बसतात.

आता बांधकामाविषयी. टीमला सर्वांत आवडणारे काम हेच, कारण त्याचा फोटो निघतो. सर्वाधिक घोळही यातच होतात, म्हणून जरा तपशिलात जातो. हाताने काँक्रीट कालवताना सिमेंट, वाळू आणि खडी आधी कोरडीच, रंग एकसारखा होईपर्यंत उलथायची असते, पाणी नंतर. खांबाच्या काँक्रीटला एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी धरली, तर ५० किलोच्या गोणीमागे २५ ते २७ लिटर पाणी पुरते. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. नवख्या हातांना हे मिश्रण जड वाटते, फावडे फिरत नाही. मग कुणीतरी हळूच आणखी एक बादली ओततो. माल सळसळीत होतो, काम झपाट्याने उरकते आणि खांबाची ताकद तिथेच घटते. वरून काही कळत नाही. भूकंपाच्या पट्ट्यात ते नंतर कळते. पाणी घातलेला माल साधारण तासाभरात जागेवर पडायला हवा. पण मधेच प्रार्थनेची आणि सामूहिक फोटोची वेळ होते आणि घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी पडते.

ब्लॉकच्या भिंतीचे वेगळे. दर थराला दोरी, दर दोन-तीन ब्लॉकना पाणसळ, कोपऱ्याला ओळंबा आणि सांधा सुमारे एक सेंटिमीटरचा. दिवसाकाठी सव्वा-दीड मीटरपेक्षा उंच भिंत चढवायची नाही, कारण खालच्या ओल्या सांध्यांवर भार येतो. विद्यार्थ्यांची भिंत तिसऱ्या थरापासून पोट काढू लागते. गवंडी दिवसभर काही बोलत नाही. संध्याकाळी टीम जेवायला गेली की तो वरचे दोन थर उतरवतो आणि पुन्हा रचतो. कित्येक ठिकाणी हे इतके अंगवळणी पडले आहे की गवंड्याचा रात्रीचा जादा रोज बजेटमध्ये धरलेला असतो, फक्त टीमला तो दिसत नाही.

पाणी मारण्याची कथा तर विचारूच नका. काँक्रीट किमान सात दिवस ओले राहायला हवे. स्लॅबवर वाळूचे बांध घालून पाणी साठवायचे किंवा खांबांना ओली पोती गुंडाळायची. दोन आठवड्यांच्या ट्रिपमध्ये स्लॅब बहुधा शेवटच्या दोन-तीन दिवसांत ओतला जातो, कारण पूर्ण झालेले छत पाहूनच सगळ्यांना निघायचे असते. पुढचा आठवडा पाणी कोण मारणार, ते कुठून येणार, त्याचे पैसे कोण देणार, हे कुणी लिहून ठेवलेले नसते. ताज्या प्लास्टरवर घाईने तैलरंग लावला की काही महिन्यांत त्याचे पोपडे सुटतात. प्लास्टरला आधी साधारण चार आठवडे द्यावे लागतात. तेवढे थांबायला टीम तिथे नसते, मग पुढच्या वर्षीच्या टीमला तीच भिंत पुन्हा रंगवायला मिळते.

इजा कोणती होते, तर ओल्या सिमेंटची. ते अल्कलीयुक्त असते आणि कातडी भाजते, पण लगेच चटका बसत नाही. हाफ पँट घालून, गुडघे टेकून फरशी ओतणाऱ्या मुलांना संध्याकाळी गुडघ्यांवर लाल चट्टे आणि फोड दिसतात. रबरी हातमोजे, गमबूट आणि पूर्ण लांबीची पँट हवी, आणि अंगाला माल लागताच भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन टाकायचे. कॅनव्हासच्या बुटात शिरलेला माल सर्वांत वाईट, कारण तो दिवसभर तिथेच राहतो.

मग विद्यार्थ्यांनी बांधकामावर जाऊच नये का? जावे, पण मुख्य माणूस स्थानिक गवंडी असावा, त्याला पूर्ण मजुरी मिळावी आणि मुलांनी त्याच्या हाताखाली घमेली वाहावीत, वाळू चाळावी, ब्लॉक पोचवावेत, पाणी मारावे. स्लॅबची तारीख गवंड्याने ठरवावी, विमान कंपनीने नव्हे. ऑक्टोबर १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा अभ्यास कुर्त व्हेर बीक यांनी केला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर अमेरिकेतून आलेल्या टीमने प्रवासासह एका घरामागे सुमारे ३०,००० डॉलर खर्च केले होते. तशाच घराला स्थानिक संस्थांकडून सुमारे २,००० डॉलर लागत. घर परदेशी टीमने बांधले की स्थानिकांनी, याने त्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही. परतल्यावर आपण मिशनला जास्त देऊ लागलो असे टीममधल्या बऱ्याच जणांनी सांगितले होते. देणगीच्या नोंदींत तेवढी वाढ सापडली नाही. हा अभ्यास टीम बंद करा असे सांगतो असे आम्हाला वाटत नाही. घरे बांधणे हे विमानाचे तिकीट काढण्याचे कारण होऊ शकत नाही, एवढे मात्र त्यातून निघते. जायचे तर कारण दुसरे हवे.

दुसरी कारणे आहेतही. यजमान मंडळी दरवर्षी मुलांची बायबल शाळा किंवा तरुणांचे शिबिर घेते आणि तिला त्या आठवड्यापुरते दहा जादा हात हवे असतात. तिथल्या कॉलेजच्या मुलांना इंग्रजी संभाषणाच्या सरावाला समवयस्क हवे असतात. शाळेच्या ग्रंथालयाची यादी संगणकावर चढवायची असते. यातले काहीच भव्य नाही. पण पुढे उभा स्थानिक शिक्षक आणि मागे पाहुणे विद्यार्थी असे चित्र असेल आणि तीच मंडळी दरवर्षी त्याच गावी जात असेल, तर ओळख खरी होते. दरवर्षी नवा देश पाहणाऱ्या टीमबद्दल आम्हाला जरा शंकाच येते.

मुलांच्या बाबतीत मात्र आम्ही कडक आहोत. अनाथालयाची भेट कार्यक्रमातून सरळ काढून टाकावी. जगभरातल्या अनाथालयांतल्या बहुसंख्य मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असतो. गरिबीपायी, शाळा मिळेल या आशेने मुले तिथे येतात, आणि पाहुणे व देणग्या येत राहिल्या की मुले 'मिळवण्याचा' धंदा होतो. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने या प्रकाराला गुलामगिरीचे रूप म्हणून मान्यता दिली आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१९ मध्ये बालहक्कांवरच्या ठरावात अशा पर्यटनाचा धोका मांडला. हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस दहा अमेरिकन बाप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना पकडले गेले. यातली बरीच मुले अनाथ नव्हतीच. आईवडिलांनीच ती विश्वासाने हवाली केली होती. हेतू चांगला होता असे त्या स्वयंसेवकांचे म्हणणे होते.

शिबिरात मुलांबरोबर काम असेल तर टीममधल्या प्रत्येक प्रौढाची पोलीस पडताळणी आधी व्हावी. कोणत्याही मुलासोबत एकटा मोठा माणूस नको, नेहमी दोघे, आणि दिसेल अशा जागी. भेटवस्तू संडे स्कूलच्या शिक्षिकेच्या हातून, टीम गेल्यानंतर द्याव्यात. मुले कुणाच्या मागे धावतात ते पाहिले की याचे कारण कळते. दहा दिवस कडेवर घेऊन, मिठ्या मारून अकराव्या दिवशी कायमचे निघून जाणे लहान मुलाला प्रेम वाटत नाही.

'मेडिकल कॅम्प'बद्दल थोडक्यात. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला जे काम स्वतःच्या देशात करता येत नाही, ते परदेशातही करू देऊ नये. डॉक्टरला त्या देशाची तात्पुरती नोंदणी लागते. रक्तदाब मोजून महिन्याच्या गोळ्या देणे सोपे आहे. आजार आयुष्यभराचा असतो आणि एकतिसाव्या दिवशी गोळी कुठून आणायची, हे जवळच्या सरकारी दवाखान्याशी आधी ठरवलेले नसेल तर तो कॅम्प घेऊ नये. औषधे नेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, लेबल तिथल्या डॉक्टरला वाचता येणाऱ्या भाषेत असावे, आणि कुणाच्या कपाटातली उरलेली किंवा फुकट मिळालेली सँपल पाकिटे नसावीत. बॅगा भरभरून जुने कपडे नेण्याबद्दलही हेच. फिलिपाइन्समध्ये वापरलेले कपडे विक्रीसाठी आयात करण्यावर १९६६ पासून बंदी आहे, त्यामुळे मोठे गाठोडे कस्टममध्ये संशयाचे ठरते.

सुवार्तेच्या, म्हणजे धर्मप्रचाराच्या, कामाविषयी आमचेच काही बंधुभगिनी नाराज होतील, तरी लिहितो. सभेच्या शेवटी 'डोळे मिटा, ज्यांनी प्रभूला स्वीकारले त्यांनी हात वर करा' असे म्हटले जाते, हात मोजले जातात आणि आकडा देणगीदारांच्या पत्रात जातो. त्या हातांत पाहुण्यांचा मान राखणारे असतात, प्रश्न नीट न समजलेले असतात आणि मागच्या दोन टीमच्या वेळीही हात वर केलेली तीच मुले असतात. तिथल्या पाळकाला विचारले तर तो हसतो. आकडा द्यायचाच तर यजमान मंडळीने, वर्षभराने द्यावा.

दुभाष्याबरोबर बोलायचे तर वीस मिनिटांच्या वेळेत आपले बोलणे नऊ-दहा मिनिटांचेच बसते. मजकूर आदल्या दिवशी दुभाष्याच्या हातात द्यावा. वाक्य पूर्ण करून थांबावे. अर्ध्यात थांबलो तर क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेत त्याला काहीच सांगता येत नाही. कोट्या आणि यमके गाळावीत. वचने दुभाष्याने आपल्या भाषेतल्या पवित्र शास्त्रातून वाचावीत, तोंडी भाषांतर करू नये. वचनाचा क्रमांकही आधी त्याच्याशी ताडून पाहावा : रशियन सिनोडल बायबलमध्ये आपले २३ वे स्तोत्र २२ वे असते आणि भर सभेत सगळे दुसरेच पान उघडून बसतात.

व्हिसाचा विषय याच्याशी जोडलेला आहे. पर्यटक व्हिसा काढायचा आणि विमानतळावर 'फिरायला आलो' म्हणायचे, हा सल्ला राजरोस दिला जातो. नेपाळच्या २०१७ च्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी व्यक्तीला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढले जाते. भारतात मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे आणि पर्यटक व्हिसावर मिशनरी काम चालत नाही. ब्रिटनमध्ये अभ्यागत म्हणून नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, आणि तो वकिलातीच्या संकेतस्थळावरून वाचावा, मागच्या वर्षी गेलेल्या मावसभावाकडून नव्हे. खोटे पकडले गेले तर विद्यार्थी पुढच्या विमानाने घरी येतो. पोलीस ठाण्यात चकरा घालतो तो पाळक. ज्याने सत्याची साक्ष द्यायला जायचे, त्याने दारातच खोटे बोलावे हेही विचित्रच.

विम्यातली एक अट कुणी वाचत नाही. साध्या प्रवास विम्यांत अनेकदा अंगमेहनतीचे काम, उंचीवरचे काम आणि विजेवर चालणारी अवजारे वगळलेली असतात. मोटारसायकलही. म्हणजे छपरावरून पडलेल्या मुलाचा खर्च विमा देत नाही. कामाचे स्वरूप लेखी कळवून तसे संरक्षण मागावे आणि रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते पाहावे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी हवी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतिपत्र सोबत ठेवावे.

ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी जावे. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. आदल्या आठवड्यात टोचून निघालेला मुलगा सीमेवर अडकू शकतो. मलेरियाच्या गोळ्यांत गफलत परत आल्यावर होते : अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घरी आल्यावर सात दिवस घ्यायची, डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन मात्र चार आठवडे. रेबीजची प्रतिबंधक लस शून्य आणि सातव्या दिवशी अशी दोनदा घेता येते, पण ती घेतली असली तरी कुत्रा चावल्यावर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन पुन्हा डोस घ्यावेच लागतात. पिल्लांशी खेळणे बंद. पोटाच्या तक्रारी बहुतेकांना होतातच, तेव्हा ओआरएसची पाकिटे प्रत्येकाच्या बॅगेत असावीत. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. आफ्रिकेतल्या बऱ्याच तळ्यांत, मलावी आणि व्हिक्टोरिया सरोवरांतसुद्धा, शिस्टोसोमायसिस या आजाराचे परजीवी कातडीतून शरीरात शिरतात. बाप्तिस्म्याला पाण्यात उतरणाऱ्यांनी हे डॉक्टरांना सांगून ठेवावे. आणि या सगळ्या आजारांहून मोठा धोका रस्त्याचा आहे. रात्रीचा प्रवास नको, ट्रकच्या हौद्यात बसणे नको, सीट बेल्ट नसलेली गाडी परत पाठवावी. त्यासाठी कार्यक्रमातली एक सभा रद्द झाली तरी चालेल.

पैशांचे. देणगी मागणाऱ्या पत्रात स्पष्ट लिहावे, की विद्यार्थी आयत्या वेळी गळाला तरी रक्कम परत मिळणार नाही, आणि एकूण रकमेतली किती यजमानाकडे जाणार. बजेटमध्ये दुभाष्याचे मानधन, गवंड्याची मजुरी, स्थानिक समन्वयकाचे पेट्रोल आणि फोन, स्वयंपाक करणाऱ्यांचा रोज, वाढलेले वीज-पाण्याचे बिल या ओळी वेगळ्या दिसाव्यात. वर दहा टक्के राखीव. यातली स्वयंपाकाची ओळ सर्रास गायब असते, कारण 'बहिणी प्रेमाने करतात'. परत आल्यावर काही आठवड्यांनी विद्यार्थ्याच्या मोबाइलवर तिकडून संदेश येतो : शाळेची फी भरायची आहे, आई आजारी आहे. बहुधा ते खरेही असते. पण एकाला गुपचूप पैसे गेले की दुसऱ्या आठवड्यात मंडळीत भांडण लागते. त्यामुळे विद्यार्थ्याला आधीच शिकवून ठेवावे, की प्रत्येक मागणी यजमान मंडळीच्या समितीकडे पाठवायची आणि स्वतः एक पैसाही पाठवायचा नाही. हा नियम कठोर वाटतो, पण त्याने मागणाऱ्याचीही लाज राखली जाते.

टीम परतल्यावर यजमानाला फॉर्म पाठवला की सगळे उत्तम झाले असेच उत्तर येते; पाहुण्याला तोंडावर वाईट कोण म्हणेल? तेव्हा ही विचारपूस करण्याचे काम ज्याच्या हाती देणगी नाही अशा तिसऱ्या माणसाकडे द्यावे, शक्यतो त्याच भाषेच्या, आणि टीम गेल्यावर सहा आठवड्यांनी. 'काय आवडले' असे विचारून काही हाती लागत नाही. 'पुढच्या वेळी काय आणू नका, कुणाला पाठवू नका आणि आमच्यामुळे तुमचे कोणते काम मागे पडले' असे विचारावे. विद्यार्थ्यांची उजळणी तिथून परत निघण्याआधी दोन संध्याकाळी आणि पुन्हा महिन्याभराने घ्यावी. तोवर फोटो बघून झालेले असतात आणि मुले खरे बोलू लागतात. वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना आपण कोणत्या देशात गेलो होतो ते पहिल्याच वाक्यात सांगायचे, हेही तेव्हाच बजावावे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. अशा टीमच्या बातम्यांसोबत येणाऱ्या छायाचित्रांत स्थानिक मुलांचे चेहरे ओळखू येणार नाहीत असे करूनच ती छापावीत. ज्या देशांत ख्रिस्ती मंडळींवर नजर ठेवली जाते, तिथल्या गावाचे आणि पाळकाचे नाव बातमीत देऊ नये, टीमने स्वतः पाठवले असले तरी. छापील पान तिथे पोचत नसेल, पण त्याची इंटरनेट आवृत्ती पोचते आणि तिचे भाषांतर करायला कुणाला दुभाष्या लागत नाही.

आपले,
विद्यार्थी मिशन टीमच्या प्रशिक्षणात व यजमानपदात काम करणारे काही कार्यकर्ते